दादाचं जन्मसाल

"तेवढं दम मोजायचं बंद कर बारक्या, बाकी काय लावायचं ते लाव," असं म्हणत दादाने मनगटावरचा, पाण्याखालची खोली आणि वेळ मोजणारा कॉम्प्युटर काढून माझ्या टेबलावर ठेवला.

धरणावरच्या पाणबुड्यांची यंत्रं लावून देणं हे माझं काम. पाणी गोडं, खोली मीटरमध्ये, गजराचा आवाज मोठा, कारण दादासकट सगळ्यांचेच कान गेलेले. दादा माझा सख्खा भाऊ आणि इथला सगळ्यात जुना पाणबुड्या. तीस मीटर खाली दरवाजाच्या जाळीत अडकलेले ओंडके काढण्यात त्याची हयात गेली. जमिनीवर त्याला दुसरं काही धड येत नाही. साधा खिळा ठोकायला गेला तरी बोटावर मारून घेतो.

नव्या कॉम्प्युटरबरोबर छातीला बांधायचा एक पट्टा आला होता. तो हृदयाचे ठोके मोजतो. श्रम जास्त झाले की अंगात वायू जास्त मुरतो, आणि तो हळूहळू बाहेर पडू दिला नाही तर माणूस लुळा पडतो, म्हणून मग कॉम्प्युटर खालची वेळ कमी करतो आणि वर येताना जास्त थांबायला लावतो. सोय चांगलीच. पण प्रत्येक गजराची नोंद राहते, आणि त्या नोंदी बघून साहेबांनी महिन्याभरात दोघांना कायमचं काठावर बसवलं होतं. पुढचा नंबर दादाचा, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

"बंद केलं तर नोंदीत तसंच दिसेल. साहेब विचारतील," मी म्हणालो.

"मग काहीतरी डोकं चालव ना! डोकं काय नुसतं टोपी घालायला दिलंय?"

"दादा, छप्पन्न झाली तुला."

"पाण्यात वय कोण विचारतंय?"

यंत्र विचारत होतं. जन्मसाल टाकलं की हृदयाच्या ठोक्यांची कमाल मर्यादा ते स्वतःच काढतं; वय कमी तेवढी मर्यादा जास्त. मी साल पंधरा वर्षांनी पुढे नेलं. आता दादा धापा टाकत असला, तरी यंत्राला तो रमतगमत काम करतोय असंच वाटणार होतं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, म्हणून मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. आज त्याची लाज वाटते.

"थोडं सैल केलंय. आता ओरडणार नाही."

"तू लावलंस म्हणजे झालं," दादा म्हणाला. काय केलं, ते त्याने विचारलंही नाही.

खरं तर मी ते सरळ बंद करायला हवं होतं. दम मोजणारं काही नव्हतं, तेव्हा दादा स्वतःच्या मनाने थांबायचा. फार दमला असेल तर वर येताना दोरीला धरून दहा मिनिटं जास्त काढायचा. तीस वर्षं त्यावरच तरला. मी त्याच्या हाताला खोटं बोलणारं यंत्र बांधलं, आणि ते मी लावलेलं म्हणून त्याने त्यावर विश्वास ठेवला.

तिसऱ्या दिवशी ओंडका मोठा होता. दादा अर्धा तास त्याच्याशी झुंजला. यंत्र गप्पच होतं. थांबे संपले असं त्याने दाखवलं, तसा दादा वर आला. काठावर बसून त्याने सामान उतरवलं, कुणाची तरी थट्टाही केली, आणि उठायला गेला तर उठता येईना. मुरलेला वायू काढायला दाबाच्या टाकीत तीनदा ठेवलं. कमरेखालचं काहीच परत आलं नाही.

साहेबांनी नोंदी काढल्या तेव्हा जन्मसाल दिसलं. त्यांनी इस्पितळात माझ्यासमोरच दादाला विचारलं.

"मीच बदललं," दादा म्हणाला. "घरी नेऊन बटणं दाबत बसलो होतो. ह्याला माहीत नाही."

मी बोलायला तोंड उघडलं. दादाने डोळे वटारले, म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. पण त्याने वटारले नसते तरी मी बोललो नसतो. मी घाबरलो होतो.

काल त्याच्या घरी गेलो. वहिनी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"भाऊजी, तुम्ही एवढं नीट लावून दिलेलं," ती म्हणाली. "ह्यांना कशाला नसती उठाठेव? जन्मात कधी कुणाचं ऐकलं नाही."

मी मान डोलावली.

"खरंय तिचं," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बारक्या, पाय खाली घसरलाय का बघ रे. मला कळत नाही."

घसरला होता. टाच फरशीला घासून सोलली होती. मी खाली बसलो, दोन्ही हातांनी पाय उचलला आणि चाकांच्या खुर्चीच्या पट्टीवर ठेवला.

"ठेवलास?" त्याने विचारलं.

"ठेवला."