करंजाखालचा जुलै

यंदाची विज्ञान प्रदर्शनाची ढाल आपल्याच शाळेत येणार, असा डंका स्वप्नालीनं अख्ख्या कागलात पिटला होता. दहावीत आल्यापासून पोरीला कंठच फुटला होता म्हणा ना! विषयही तसाच झणझणीत. शाळेच्या मैदानातल्या पर्जन्यमापकात वर्षानुवर्षं रोज सकाळी पाऊस मोजला जायचा. त्या सगळ्या जुलैंची सरासरी काढून तिनं शेजारी यंदाचा, २००३चा जुलै मांडला. तो सरासरीच्या निम्म्यावर आलेला! आणि त्याआधीची काही वर्षंही एकेक करून खालीच घसरलेली. विज्ञानाच्या चौगुलेसरांनी तर तक्त्यावर लाल अक्षरांत लिहूनच टाकलं, ‘झाडं तोडली, पाऊस पळाला!’

प्रदर्शन दोन दिवसांवर आलं. ऑगस्टातला पाऊस धो धो कोसळत होता आणि स्वप्नाली मापकापाशी तोऱ्यात आकडा घेत होती. व्हरांड्यातून तिच्याच वर्गातला राजवीर ओरडला, “काय गं ए, छत्री न्हाय, काय न्हाय, तरी कोरडी कशी तू? जादू करतीस व्हय?”

“गप की रं!” म्हणत तिनं वर बघितलं आणि आकडा लिहायचाच राहिला. डोक्यावर करंज पसरला होता. आधीच्या कुठल्यातरी वर्गानं हौसेनं लावलेला. झाड वाढत गेलं, तसा मापकातला पाऊस आटत गेला!

तिनं प्रयोगशाळेतला दुसरा मापक उघड्यावर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यात करंजाखालच्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी. ती पळतच सरांकडं गेली.

“सर, आपला पाऊस झाडानं खाल्लाय!”

सर ऐकून घेत कपाळ चोळायला लागले. “उद्या प्रदर्शन हाय, पोरी. तिथं कुणाला कळतंय हे?”

“मला कळलंय की.”

“मग ढाल विसर.”

“ढाल गेली खड्ड्यात!” म्हणून तिनं जीभ चावली. “म्हंजे खड्ड्यात नको सर, पायजेच. पण खोटं सांगून नको.”

सरांनी हसू दाबत तिच्या हातात ब्रश दिला. लाल अक्षरांवर कागद चिकटवून तिनं लिहिलं, ‘ही घट पावसाची की झाडाची?’

कोल्हापुरात परीक्षक बाईंनी तक्ता दोनदा वाचला. “मग पाऊस घटलाय की नाही?”

“म्हाईत न्हाय, मॅडम,” स्वप्नाली खणखणीत आवाजात म्हणाली. “तहसील कचेरीतला मापक उघड्यावर हाय, मी स्वतः बघून आलो. तिथले जुने आकडे मिळाले की दिवाळीच्या आत सांगतो. पण एकटी गेलो तर दारातनंच हाकलत्यात. तुमची चिठ्ठी मिळंल का?”

ढाल दुसऱ्या शाळेच्या धूर ओकणाऱ्या ज्वालामुखीला गेली. टाळ्या वाजत होत्या तेव्हा स्वप्नाली चहाच्या टेबलापाशी बाईंना गाठून, कोरा कागद पुढं धरून उभी होती.