कल्याणरामच्या भुयारातला साप

भुयारात गेलेली सगळी माणसं जिवंत बाहेर आली. हे वाक्य चुकून वर आलं आहे. ते वाचलंच नाही असं समजावं. कोण बाहेर येणार आणि कोण नाही, हे अजून कुणालाही ठाऊक नाही. प्रणवेशला मात्र आपण येणार नाही याची खात्री होती.

प्रणवेश तंजावुरात कालव्यांच्या सरकारी कचेरीत कारकून होता. कावेरीचं पाणी कुठे कधी सोडायचं याचे कागद तो या टेबलावरून त्या टेबलावर नेई, पण कालव्याच्या जवळ जात नसे, कारण पाण्याची भीती वाटे. उंचीची वाटे, लिफ्टची वाटे. अंघोळीला आतून कडी लावायची तर फारच वाटे, म्हणून तो कडी न लावता मोठ्याने गात अंघोळ करी. भीती हाताबाहेर गेली की तो मनातल्या मनात अर्ज लिहायला घेई. 'विषय: छातीतली धडधड कमी करून मिळणेबाबत.' मायना लिहून होईतो बरीचशी संकटं कंटाळून निघून जात.

राजवाड्यामागच्या गल्लीत कल्याणरामचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं. मग देशाने आपली दारं उघडली, घरोघर केबल आली, आणि कॅसेट कुणी हातात धरेना. कल्याणरामने वैतागून परसात संडासाचा खड्डा खणायला घेतला, तर पहार पोकळीत गेली. खाली विटांचं जुनं भुयार निघालं. ते कुठल्या राजाने कशासाठी बांधलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते कल्याणरामला ठाऊक झालं. त्याने आत रंगीत दिवे लावले. छताला सिमेंटचे सुळके लटकवले. बागेतल्या रबरी नळीतून थेंब थेंब पाणी सोडलं आणि त्याला 'नैसर्गिक झरा' म्हणू लागला. तोंडाशी टेबलफॅन ठेवला, एका जाड फळीवर 'ए.सी. गुहा' असं रंगवलं आणि दर रविवारी सहकुटुंब सहल सुरू केली.

"सगळी गल्ली जाऊन आली," प्रणवेशची बायको जयश्री म्हणाली. "सुंदरीपाटी, ती म्हातारीसुद्धा. काठी टेकत."

"तिचं वय झालं की. तिला आता कसली भीती?"

"वाणीला शाळेत विचारतात, तू गुहा बघितलीस की नाही. काय सांगायचं तिने? माझे अप्पा कपाटाला भितात म्हणून?"

"कपाटाला नाही. कपाटाच्या आतल्या बाजूला."

वाणी पहिलीत होती. तिच्या कानात मराठी होती आणि तोंडात तमिळ. आईबाप मराठीत बोलत, ती तमिळमध्ये उत्तर देई, आणि दोन्ही पक्षांना यात काही वावगं वाटत नसे. आताही ती म्हणाली, "पोलाम् अप्पा," म्हणजे जाऊया. जयश्रीने चपला घातल्या. प्रणवेशने अर्ज सुरू केला.

खाली उतरताना पायऱ्या ओल्या होत्या. भिंतींना घामट वास होता आणि छत इतकं खाली की मान आपोआप नमस्काराला आल्यासारखी वाके. पुढे टॉर्च घेऊन कल्याणराम, त्याच्यामागे कुंभकोणमहून आलेलं एक भलंमोठं तमिळ कुटुंब, त्यांच्या मधोमध रेशमी साडी नेसलेल्या अलमेलुमामी, आणि शेवटी हे तिघं. टेबलफॅनचा वारा पहिल्या वळणापर्यंतच आला. त्यापुढे हवा नव्हती. निदान प्रणवेशच्या वाट्याला आली नाही.

"हे भुयार थेट तिरुच्चीला जातं!" कल्याणराम तमिळमध्ये गरजला.

"मग आपण बसने का जातो?" अलमेलुमामींनी विचारलं.

"इथून गेलेला माणूस परत येत नाही, मामी."

सगळे हसले. प्रणवेशने जयश्रीचा पदर धरला.

"सोडा की. लोक बघतात."

"बघू देत. निदान मी आहे असं त्यांना दिसेल."

खरं तर भुयार तिरुच्चीला जात नव्हतं. दुसऱ्या वळणावर एका कोरड्या विहिरीपाशी ते संपत होतं. विहिरीवर फळ्या टाकल्या होत्या आणि पलीकडे प्लॅस्टरचा एक राक्षस उभा केला होता. त्याच्या डोळ्यांत लाल दिवे होते. वाणीला राक्षस दिसला आणि ती प्रणवेशचा हात सोडून, माणसांच्या पायांमधून वाट काढत त्याच्याकडे पळाली.

तेव्हाच प्रणवेशला दिसलं की विहिरीवरची एक फळी जागेवर नाही. फळीच्या जागी काळी फट होती, पहिलीतल्या मुलीच्या मापाची. आणि ती फळी आपण मघाशीच पाहिली आहे, वर दारावर, 'ए.सी. गुहा' असं रंगवलेली, हेही त्याच्या लक्षात आलं.

"थांब!" तो ओरडला. "वाणी, थांब! थांब!"

आणि करंट गेला.

राक्षसाचे डोळे विझले. हातातली टॉर्च लावायचं कल्याणरामला सुचलं नाही. हात डोळ्यांपुढे धरला तरी हाताचा पत्ता नाही असा अंधार झाला. प्रणवेशचा आवाज विटांवर आपटत, वळणं घेत राहिला, मग तोही थांबला. पडल्याचा आवाज आला नाही. रडण्याचाही आला नाही. क्षणभर काहीच आलं नाही.

मग अलमेलुमामी किंचाळल्या, "पांबु! अय्यो, पांबु!"

तंजावुरात जन्मलेल्या कुणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पांबु म्हणजे साप.

पुढे जे झालं ते दिसलं नाही, फक्त अंगावर आलं. कोपरं, रेशीम, कुणाचं तरी पोट. "पांबु! पांबु!" म्हणत सगळं कुंभकोणम उलटं फिरलं. कल्याणराम जाताना सगळ्यांत पुढे होता, येतानाही सगळ्यांत पुढेच होता. प्रणवेश वाणीच्या दिशेने दोन पावलं गेला असेल नसेल, त्याचे पाय गर्दीने उचलले, आणि खरं सांगायचं तर नंतरची काही पावलं ते स्वतःच पळाले.

वर परसात ऊन होतं. जयश्री नारळाच्या झाडाला टेकून श्वास घेत होती. तिने प्रणवेशच्या मागे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे पाहिलं.

"वाणी कुठे आहे?"

त्याने भुयाराकडे बोट दाखवलं. अर्जाचा मायनासुद्धा आठवेना.

जयश्री पायऱ्यांकडे धावली, पण दोघी-तिघींनी तिला घट्ट धरून ठेवलं. "नक्को, नक्को! नाग आहे!"

"केवढा?" कुणीतरी विचारलं.

"हा एवढा!" अलमेलुमामींनी हात पसरले. हात कमी पडले.

"टॉर्च दे," प्रणवेश कल्याणरामला म्हणाला.

"टॉर्च आत पडली, सार. तुम्ही जाणारच असाल तर घेऊन या."

प्रणवेश खाली उतरला. तो शूर झाला होता असं नाही. वर उभं राहण्याची भीती आत जाण्याच्या भीतीपेक्षा मोठी झाली, एवढंच. भिंतीला हात लावत तो पहिल्या वळणाला गेला. मागचा उजेड संपला. 'विषय: अंधारात दिसण्याची परवानगी मिळणेबाबत.' पायाखाली काहीतरी गार, गोल, लांबलचक आलं. ते वळवळलं आणि त्याच्या पोटरीवर थुंकलं.

प्रणवेश मेला. म्हणजे तसा तो उभा होता, पण त्याने स्वतःला मेलेल्यांत धरलं होतं. विष वर कधी चढतंय याची वाट बघत राहिला. विषाला रबराचा वास होता. बऱ्याच वेळाने त्याला कळलं की आपण नैसर्गिक झऱ्यावर उभे आहोत.

"वाणी?" तो हळूच म्हणाला.

"अप्पा." आवाज पुढून आला. बारीक, पण रडका नव्हे.

"कुठे आहेस?"

"इंगे." म्हणजे इथे. आणि इथे म्हणताना तिने पाऊल हलवल्याचा आवाज झाला. एक खडा कुठेतरी खाली पडला. तो पडतच राहिला.

"थांब!" प्रणवेश जीव खाऊन ओरडला. "हलू नको! थांब!"

ताबडतोब वरून, उजेडातून, साऱ्या परसाचा आवाज आला, "पांबु! ऐकलंत? त्याला दिसला! पांबु!" आणि खाली यायला निघालेली एक-दोन पावलं धडधडत परत गेली.

प्रणवेशने अंधारात मनातल्या मनात आधी आपला शब्द म्हणून पाहिला, मग त्यांचा. थांब. पांबु. आपल्याच तोंडून निघालेला साप वळणावर वळण घेत कुंभकोणमच्या कानात गेला होता, आणि तिथून फणा काढून परत आपल्याच अंगावर आला होता. आणि आपण त्याला भिऊन, पोरीला सोडून, पळालो होतो.

आता तो कुजबुजत बोलला. रांगत निघाला. हाताला पहिली फळी लागली, दुसरी लागली, मग फळीची कड लागली आणि कडेपलीकडे फक्त गार हवा. त्याने हात आडवा नेला. बोटांना आधी एक लहानसा सँडल लागला, मग पाय. दोन्ही पाय एकाला एक चिकटवून, कवायतीला उभी करतात तशी ती उभी होती. तिच्या सँडलचं टोक फळीच्या बाहेर आलं होतं.

त्याने तिला कमरेला धरून मागे ओढलं आणि दोघंही भिंतीशी बसली.

"सगळे पळाले. तू नाही पळालीस?"

"नीदाने 'थांब'नु सोन्ने," वाणी म्हणाली. तूच ना थांब म्हणालास.

प्रणवेशला हुंदका आला. तो त्याने दाबला, न जाणो वर त्याचंही काही भलतंच ऐकू जायचं.

"आता चल," तो म्हणाला. मग ती उठली.

करंट आला तेव्हा ते बाहेर पोचले होते. जयश्रीने वाणीला छातीशी धरलं आणि प्रणवेशला एका हाताने मारलं आणि त्याच हाताने ओढून जवळ घेतलं.

"साप नव्हता," प्रणवेश म्हणाला. "मी थांब म्हटलं होतं. थांब."

"पांबु!" अलमेलुमामींनी मान डोलावली. "तेच आम्ही म्हणतो."

"मीही बघितला हो," जयश्री डोळे पुसत म्हणाली. "काळा होता."

पुढच्या रविवारी फळी विहिरीवर परत गेली, कारण नवी पाटी पत्र्याची आली होती: 'नागराज ए.सी. गुहा'. बायका दूध आणि अंडी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. अंडी कोण खातो हे विचारायला प्रणवेश गेला नाही. त्या रात्री जेवण झाल्यावर त्याने प्रथमच एक अर्ज कागदावर उतरवला, पण तो कुठल्या कचेरीत द्यायचा हे न कळल्याने पाकिटावर पत्ता घातला नाही.

'प्रति, भाषांचे सक्षम अधिकारी यांसी. विषय: एक शब्द बदलून मिळणेबाबत. महोदय, तमिळ भाषेत सापास जो शब्द सध्या लागू आहे, तो तातडीने रद्द करून त्याजागी 'थांब' या मराठी शब्दाशी न जुळणारा कोणताही शब्द लागू करावा. हे नियमात बसत नसल्यास साप रद्द करावेत. तेही शक्य नसल्यास, या गावात 'थांब' म्हटल्यावर थांबणारी एक व्यक्ती हयात असून तिचे वय सहा आहे, याची दप्तरी नोंद घ्यावी, व ती मोठी होईपर्यंत तंजावूर हद्दीतील करंट घालवू नये, ही नम्र विनंती.'