फोनवर मिटलेली बातमी

रुक्माबाईंनी नळाच्या पाण्याची बाटली पेपरच्या कार्यालयातल्या टेबलावर ठेवली, तेव्हा शिवकन्या वाढदिवसाच्या जाहिरातीत शुभेच्छुकांचे हसरे फोटो बसवत होती.

"वास घेऊन बघ."

शिवकन्येनं बाटलीला हात लावला नाही. "मावशी, मामांनी कालच पाणीपुरवठ्याच्या साहेबांना फोन केलाय. काम झालं समजा."

"तुझ्या सासऱ्याचा फोन म्हंजे अंगारा. लागला त लागला." रुक्माबाई हसल्या, मग पदर सावरत म्हणाल्या, "गंमत न्हाई पोरी. तुझं लेकरू बालवाडीला आमच्याच खालच्या गल्लीत येऊन राहिलं. उकळून पाजत जा."

"आमच्याकडं फिल्टर आहे ना."

"मग काय, सुटले तुमी."

त्या गेल्या. बाटली दुपारपर्यंत तशीच होती. नंतर शिवकन्येनंच ती दारातल्या तुळशीला ओतली.

याला महिना झाला असेल. आज सकाळी आरोहीचे डोळे पुसताना ते तिला पिवळट वाटले. तिनं लेकीला उचलून अंगणात उजेडाला नेलं, खालची पापणी ओढून पाहिली. पुन्हा पाहिली. ही बाई द्राक्षसुद्धा चिरून देणारी. खेळण्यांची सुटी चाकं कपाटावर ठेवणारी. बालवाडीच्या पिशवीत रोज फिल्टरच्या पाण्याची बाटली असायची. ती संपल्यावर पोरगी तिथल्या माठातलं पाणी प्यायची, एवढंच तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

दवाखान्यात बाकावर जागा नव्हती. खालच्या गल्लीतल्या बाया मांडीवर लेकरं घेऊन बसल्या होत्या. त्यातल्या एकीनं सरकून तिला जागा दिली.

"रुक्माबाईच्या नातवाला, आयुषला, हिंगोलीला हलवलं म्हणं. सलाईन लावलंय."

डॉक्टरांनी कावीळ सांगितली. पाण्यातून आलेली, म्हणाले. आणि चिठ्ठी लिहिता लिहिता, "सगळे पेशंट एकाच गल्लीतून येऊन राहिलेत," असंही म्हणाले.

आरोहीला सासूबाईंपाशी, गोजरबाईंपाशी, निजवून शिवकन्या दुपारीच कार्यालयात आली आणि कुणाला न विचारता बातमी लिहायला बसली. खालच्या गल्लीत दर पाचव्या दिवशी पाणी येई. पुढची पाळी उद्या सकाळी नऊची. अंक पहाटे सुटणार. म्हणजे जे काही छापायचं ते आजच.

'दैनिक पाणवठा'चे मालक, प्रकाशक आणि संपादक विश्वंभरराव तिचे सासरे. ती त्यांना मामा म्हणे, गाव भाऊ म्हणे. दोन वेळा नगराध्यक्ष झालेला माणूस. आता वाचनालय, स्मशानभूमी, मुलींची शाळा, जिथं समिती तिथं भाऊ. त्यांची एक रीत होती. तक्रार घेऊन कुणी आलं की आधी फोन. काम झालं की बातमीची गरजच उरत नसे. छापलं की माणूस दुखावतो, बोललं की काम होतं, असं ते सांगत, आणि गावाला त्यात त्यांचा मोठेपणा दिसे. त्यामुळे पेपरात उरत ते वाढदिवस, सत्कार आणि शोकसंदेश.

मोंढ्यातल्या हळदीच्या बाजारातून भाऊ आले तेव्हा कपड्यांना पिवळा धुरळा होता. शिवकन्येनं छापील कागद पुढं केला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांजवळ नेऊन शेवटपर्यंत वाचला आणि खिशातून फोन काढला. फोनचा आवाज मोठा ठेवायची त्यांना सवय होती.

"भाऊ, तुमच्या शब्दाबाहेर हाव का आमी?" पाणीपुरवठ्याचे साहेब म्हणाले. "पाइप नालीतून गेलाय, तिथंच फुटला असंल. परवा बराबर करून टाकतो."

"आन् उद्याची पाळी?"

"पाळी बंद ठेवली त लोक बोंबलतील. एवढी सोडू द्या."

"बरं बरं," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला. "परवा होऊन राहिलं. एक दिवस थांबू."

शिवकन्या टेबलावरचा कागद हातानं सारखा करत राहिली. त्याला एकही घडी नव्हती.

"मामा, आरोहीनं आज भाताला तोंड लावलं नाही."

भाऊंनी फोन खिशात ठेवला.

"मागच्या खेपेलाही साहेब होच म्हणाले होते. उद्या बाया हंडे भरतील."

बाहेर औंढ्याकडं जाणारी एसटी हॉर्न वाजवत गेली. भाऊंनी कागद पुन्हा ओढून घेतला.

"ही पाइपलाइन माझ्या काळातली. नारळ म्याच फोडला."

"ते मी लिहिलं नाही."

"दिसलं मला. काहून न्हाई लिहिलं?"

भाऊंनी पेन उघडलं, दुसऱ्या ओळीत पाइपलाइनपुढं आपलं नाव घातलं, आणि त्या ओळीखाली एक वाक्य जोडलं: तक्रार आमच्याकडे महिन्यापूर्वीच आली होती. अक्षर नेहमीसारखंच घोटीव होतं.

"पहिल्या पानावर घे. वाढदिवस जाऊ दे आत. जाहिरातवाला ओरडला त माझ्याकडं पाठव त्याला."

तिनं मान हलवली. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. भाऊ दारात जाऊन चपला घालू लागले. एक पाय आत, एक बाहेर.

"पोरी, खालच्या गल्लीत आपला पेपर किती घरी जातो?"

तिला आठवावं लागलं नाही. पेपर वकिलांकडं जाई, डॉक्टरांकडं, अडत्यांकडं, कचेऱ्यांत, शिक्षक कॉलनीत.

"एकाही नाही."

"मग कोणाला सांगून राहिलो आपण?"

उत्तराला न थांबता ते पायऱ्या उतरले. खिडकीतून तिला त्यांची स्कूटर दिसली. ती घराकडं न वळता खाली उतरणाऱ्या रस्त्याला लागली. सत्तरीचा माणूस, अंधार पडेतो किती दारं होतील? आणि ज्याच्या शब्दावर महिनाभर पाणी प्यायलं, त्याचं आता कोण ऐकणार?

तिनं घरी फोन लावला. आरोही झोपली होती. मग ती बातमीकडं वळली. 'लवकरच दुरुस्ती करू, असे आश्वासन देण्यात आले' हे शेवटचं वाक्य तिनं खोडलं आणि शिक्षक कॉलनीतली सकाळ डोळ्यांपुढं आणली. आठला पेपर उघडलेला, चहा झालेला, मोरीत भांडी पडलेली.

खोडलेल्या जागी तिनं लिहिलं:

'वाचकहो, खालच्या गल्लीत आज नऊ वाजता पाणी सुटणार आहे. ते पिण्यालायक नाही. तिथं हा पेपर जात नाही. तुमच्याकडं धुण्याभांड्याला येणारी बाई बहुतेक तिथलीच असेल. ती आली की पहिल्यांदा हे तिला सांगा. आली नाही, तर खाडा धरू नका. तिच्या घरी जा, आणि तिचं लेकरू कसं आहे, बघून या.'