पुष्पाबाईंचं नख

जळगावच्या वामनवृक्ष मंडळात सात सभासद होते आणि त्यांतल्या सहांना पुष्पाबाईंच्या नखाची भीती वाटायची.

नख उजव्या अंगठ्याचं. बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. बाकीची नखं अगदी मुळाशी कापलेली. हे एकच वर्षातून महिनाभर वाढू दिलेलं. थंडीची लाट ओसरली की पौषातल्या एका रविवारी मंडळाची फेरी निघायची. ज्याच्या झाडाची पानं गळाली असतील त्याच्याकडे जायचं, फांदीची साल बाईंनी नखाने किंचित खरवडायची. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत, तपकिरी दिसलं तर गेलं. निकाल तिथल्या तिथे. चिटणीस कौतिकराव कोर्टातून निवृत्त झालेले. ते निकाल वहीत उतरवून घरधन्याची सही घेत.

या नखातून सुटत आल्या होत्या फक्त हीराबाई, नव्या पेठेतल्या कापडदुकानाच्या मालकीणबाई, मंडळात येऊन पाच वर्षं झालेल्या. त्यांच्या कुंडीतल्या पिंपळापाशी फेरी पोचली की दरवर्षी नेमकी आठम नाहीतर चौदस निघायची.

"आज आम्हा जैनांकडे हिरवं कापत नाहीत, बाई. नख लावणं म्हणजे कापणंच की."

"झाड मेलं असेल तर हिरवं कुठून येणार?"

"आणि मेलं नसेल तर?"

मग फाल्गुनात पिंपळाला तांबूस पालवी फुटायची, आणि हीराबाई ती दाखवायला मुद्दाम टांग्याने शाळेपर्यंत यायच्या. "हीराबाईंच्या पिंपळाचं पंचांगच निराळं आहे," असं बाई म्हणायच्या, आणि मंडळ हसायचं.

एकाहत्तर सालच्या थंडीत हीराबाईंनी पिंपळाला नवऱ्याचा जुना मफलर गुंडाळला आणि संध्याकाळ झाली की त्याला दुकानामागच्या गोदामात, कापडाच्या गाठींमध्ये नेऊन ठेवू लागल्या. "सुंठीचा काढाही द्या त्याला," बाई म्हणाल्या. बाईंचे नियम छापील होते. मंडळाच्या वतीने त्यांनीच छापून घेतले होते. थंडीत खत बंद, कात्री बंद, पाणी कमी आणि तेही ऊन चढल्यावर. पारा दहा अंशांच्या वर आहे तोवर झाड जागचं हलवायचं नाही. लाड करायचे नाहीत.

लाट आली. बाईंनी रोज सकाळी सहाला तापमापक पाहिला. पारा अकराच्या खाली गेला नाही. बाईंची चिंच गच्चीवरच राहिली. पाचव्या दिवशी तिची पानं काळपटली आणि दोन दिवसांत सगळी कुंडीत पडली.

ही चिंच अकरा वर्षांची होती. एका वर्गाला बीज कसं रुजतं ते दाखवण्यासाठी बाईंनी चाळीस चिंचोके पेरले होते, त्यातलं उरलेलं हे एक. त्या मुलींची लग्नं झाली, मुलं झाली. चिंच वीतभरच राहिली, पण तिचं खोड म्हाताऱ्या झाडासारखं खरबरीत झालं. सुट्टीत बाई बहिणीकडे धुळ्याला गेल्या तरी तिसऱ्या दिवशी परत यायच्या. बहिणीने कारण विचारलं की म्हणायच्या, "प्रयोग चालू आहे."

पानं गळून बारा दिवस झाले तरी बाईंनी चिंचेला नख लावलं नव्हतं. आधी उत्तरपत्रिका होत्या. मग सर्दी होती. मग वाटलं, घाईने केलेलं निरीक्षण चुकीचं ठरतं. रोज नऊ वाजता त्या कुंडीत पेलाभर पाणी घालत आणि फांद्यांकडे न बघता खाली येत.

आणि फेरीचा रविवार उजाडला. फेरी बाईंच्या घरून निघायची. दरवर्षी बाई पिशवी घेऊन फाटकातच उभ्या असत. या वर्षी त्यांनी सगळ्यांना आत बसवलं, पोहे केले, चहा केला, आणि थोड्या वेळाने पुन्हा चहा केला.

"बाई, ऊन चढतंय," कौतिकराव म्हणाले.

"अजून थोडे पोहे घ्या."

चिंधा आबा तेवढ्यात मागच्या पडवीत हात धुवायला गेले. आबा चोपड्याचे केळीवाले. रविवारी मुलीकडे यायचे आणि मंडळात बसायचे. मोठं झाड लहान ठेवायला सात माणसं कशाला लागतात, ते त्यांना एकदा बघायचं होतं. हात पुसत ते दारात आले.

"बाई, हाई यंत्र बंबना जवळ टांगेल शे."

"तापमापक? हो, तिथे वारा लागत नाही."

"बंब कवय पेटस?"

"पहाटे पाचला." हे म्हणताना बाईंच्या लक्षात आलं, आणि त्या बशी हातात धरून उभ्या राहिल्या.

"बठ्ठी थंडी गच्चीवर, नि यंत्र आठे उबमा," आबा म्हणाले. "मन्ही केळीले तं मी पहाटे धूर करी ऱ्हायंतू."

कौतिकरावांनी चष्मा वर सरकवला. "म्हणजे नऊ वर्षं आपण वहीत जळगावचं जे तापमान लिहीत आलो..."

"ते बंबाचं होतं," हीराबाई म्हणाल्या.

कुणी मोठ्याने हसलं नाही. बाईंनी बशी ठेवली आणि जिन्याकडे वळल्या. बाकीचे मागोमाग गेले.

गच्चीवर चिंच उभी होती, नुसत्या काड्या. बाईंनी अंगठा पुढे केला आणि मागे घेतला.

"हीराबाई," त्या म्हणाल्या, "आज आठम असेल, नाही का?"

हीराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "दशमी आहे." मग म्हणाल्या, "पण तुम्हाला हवी असेल तर आठम असू दे."

"वहीत काय लिहू?" कौतिकराव.

"लिहा आठम," हीराबाई म्हणाल्या. "माझ्या सहीने लिहा."

बाईंना हसू आलं. "पाच वर्षांत एकदा तरी खरी आठम होती का?"

"एकदा होती. पहिल्या वर्षी."

बाईंनी शेंड्याला नख लावलं. तपकिरी. त्याखालच्या फांदीला लावलं. तपकिरी. तीन वर्षं तार बांधून वळवलेली उजवीकडची फांदी, जिच्यासाठी लोक ही चिंच बघायला येत, तीही तपकिरी. बाईंचा हात थांबला.

"खाले उतरा, बाई," आबा हळूच म्हणाले. "खोडले लावा."

मातीपासून दोन बोटं वर बाईंनी साल खरवडली. आत ओलसर हिरवी रेघ दिसली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिली.

"जित्ती शे," आबा म्हणाले.

कौतिकरावांनी लिहिलं: वरचा भाग गेला, बुंधा जिवंत, नव्याने घडवावी लागेल. बाईंनी सही केली. आतापर्यंत त्यांच्या निकालाखाली बाकीच्यांनी सह्या केल्या होत्या. स्वतःची करायची पहिलीच वेळ.

मग फेरी ठरल्याप्रमाणे निघाली. नव्या पेठेत हीराबाईंनी पिंपळाचा मफलर सोडला. आत एकही पान नव्हतं. त्यांनी पदर खोचला, एक फांदी दोन बोटांत धरून बाईंपुढे केली आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "लावा. आज दशमी आहे, सगळ्यांनी ऐकलंय."

बाईंनी अंगठा मुठीत मिटून घेतला.

"आज माझी आठम आहे," त्या म्हणाल्या. "फाल्गुनात पाहू."