पुरवण्या बांधायची वेळ

"परत वाट लागली," अक्षता म्हणाली आणि तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला.

रविवारची दुपार. मालाडच्या त्या दीड खोलीत तिचे वडील, सीताराम परब, लसूण सोलत बसले होते. अक्षतानं आठ महिने ऑफिस सांभाळून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहिला होता. नाव पमी. आज पमीची पहिली ऑनलाइन स्पर्धा. समोरही सगळे असेच प्रोग्राम, आणि अख्ख्या डावाला प्रत्येकाला एकच मिनिट. सात डावांपैकी पाच झाले होते आणि पमी पाचही हरली होती.

"वजीर जास्त होता, बाबा. दोन चालींत मात होती. आणि ही बया टायमावर हरली. शून्यावर राहिली तर पुढच्या वेळी घेणार नाहीत. मग मीच डिलीट करून टाकणार."

"येळ जाता खंय तिचो?"

"विचार करते. शेवटच्या क्षणापर्यंत."

"आणि चाल तिकडे पोचते कशी?"

"नेटवरून. इतकुसा वेळ लागतो."

"तो इतकुसा तू धरलंस?"

अक्षतानं जीभ चावली. सीतारामनं लसणाची पाकळी ताटात टाकली.

"अगो, मग पुरवण्यो बांधूक येळ खंय ठेवलंस?"

हे त्यानंच विचारावं. एकतीस वर्षं तो पार्ल्याच्या एका शाळेत शिपाई होता आणि बोर्डाच्या परीक्षेला शेवटच्या दहा मिनिटांची घंटा त्याची. सर वर्गात "पुरवण्या बांधा" म्हणायचे, पोरं लिहीतच राहायची, आणि हा बाबा हात दुखेस्तोवर टोल देत राहायचा. मास्तर मंडळी हसायची. हसोत बापडी.

"दहावीला माझी बीजगणिताची पुरवणी बाकावरच राहिली," तो हसत म्हणाला. "गणितं बरोबर होती गो. दोरा बांधलाच नाही. सात मार्कांनी गेलो. पेपरात निकाल आला, त्यात माझा नंबर नाही."

अक्षतानं हे आजवर ऐकलं नव्हतं. 

"परत नाही बसलास?"

"नोकरी लागली ना. घंटेची."

ती लॅपटॉपकडे वळली. दर चालीला थोडा वेळ राखून ठेवायचा. दहा सेकंद उरले की विचार बंद, हाती आहे ती बरी चाल खेळून टाकायची. त्या भागाला तिनं नाव दिलं, पुरवणी.

सहाव्या डावात पमीनं पहिल्यापासूनच धडाधड चाली केल्या आणि वजीर फुकट देऊन टाकला. घाईत अक्षतानं दहाच्या जागी शंभर लिहिलं होतं.

"ही पहिल्याच घंटेला पेपर देऊन निघाली," सीताराम म्हणाला. अक्षता एवढी हसली की ठसका लागला.

सातवा डाव. पमीचा हत्ती जास्त होता. पंधरा सेकंद. बारा. दहा झाले तसं सीतारामला राहवलं नाही. त्यानं खलबत्त्यातला बत्ता उचलला आणि स्टीलच्या ताटावर टोल द्यायला लागला. लसूण जमिनीवर.

"शेजारच्यांना वाटेल जेवायला बोलावतोय," आतून त्याची बायको विमला म्हणाली.

पमी भराभर खेळली. दोन सेकंद शिल्लक असताना तिनं मात केली.

अर्ध्या तासानं अक्षतानं निकालाचं पान उघडलं आणि लॅपटॉप बापाच्या मांडीवर ठेवला. सोळांत पमी पंधरावी. तिच्या नावाखाली बनवणाऱ्यांची नावं: बुद्धिबळ, अक्षता परब. वेळ, सीताराम परब.

त्यानं वाचलं.

"शिपाय नाय लिवलंस?"

"नाही."

त्यानं लॅपटॉप डोळ्यांजवळ धरला.

"विमल, चष्मो दी गो."

"नाकावर काय आहे मग?"

सीतारामनं चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि निकाल पुन्हा पहिल्या नंबरापासून वाचायला घेतला.