आवाज न करता टाळ्या

लुएला टाळ्या वाजवत होती, पण तळहात एकमेकांना टेकू न देता. तिच्याभोवती साठ माणसं तशीच हवेत हात हलवत होती, तोंडं वासून मुक्या घोषणा देत होती. बोलायचं फक्त राष्ट्राध्यक्षाने. गर्दीचा जल्लोष म्हणे मागाहून भरतात. कुठल्या तरी दुसऱ्याच गर्दीचा.

"कट!"

"खरे पुढारी निदान ओरडू तरी देतात," शेजारचा टूमर पुटपुटला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा माणूस, गप्प बसणं त्याला जमत नसे.

शाळेचा हा बास्केटबॉलचा हॉल पूर्वी गावाचं मतदान केंद्र होता. तीन वर्षांपूर्वी कौंटीने, म्हणजे जिल्ह्याच्या कारभाऱ्यांनी, ते बंद केलं. माणसं फिरकत नाहीत, म्हणाले. आता सिनेमावाल्यांनी तिथेच मतपेटी मांडली होती, कारण त्यांच्या राष्ट्राध्यक्षाला गरिबांच्या गावात येऊन विरघळायचं होतं. अशा सिनेमात तो नेहमीच विरघळतो. गावं तशीच राहतात.

खरं मतदान आजच होतं, बावीस मैलांवर, संध्याकाळी सातपर्यंत. लुएलाची मावसबहीण व्हर्नेटा कौंटीच्या मंडळासाठी उभी होती. ती पडली तर ही शाळाही बंद होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "तीनला सोडतो," असा शब्द मिळाला होता, म्हणून गाव आलं होतं.

पाच वाजले. फोन सकाळीच काढून घेतलेले. गाड्या नऊ मैलांवर जत्रेच्या मैदानात, आणि तिथे नेणाऱ्या बसेस कंपनीच्या.

"ऊठ, लुएला," टूमर उभा राहत म्हणाला. "सगळे उठलो तर झक मारत बस काढतील. गर्दीशिवाय कसला आलाय राष्ट्राध्यक्ष?"

मागच्या रांगांतली माणसं अर्धवट उठून लुएलाकडे बघू लागली. सव्वीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात तिने यातल्या निम्म्यांना जेवू घातलं होतं. ती उठली असती तर सगळे निघाले असते. तिने पुढच्या खुर्चीच्या पाठीला हात घातलासुद्धा.

तेवढ्यात वॉकीटॉकीवाली पोरगी धावत आली.

"आजी, दिग्दर्शकांना तुमचा चेहरा फार आवडलाय. राष्ट्राध्यक्ष तुमचाच हात धरणार!"

"आजी असेल तुझ्या घरी," लुएला म्हणाली. पण हात तिने झग्याला पुसले.

टूमरने ते पाहिलं. तो हळूच खाली बसला, आणि त्याच्यामागे एकेक करून सगळे बसले.

नटाचे हात मऊ होते. "तुमच्या एका मताने हा देश बदलणार आहे, आई," तो तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. सात वेळा म्हणाला. सातव्यांदा लुएलाला रडू फुटलं, ते काही केल्या थांबेना. कॅमेऱ्यामागे कोणीतरी आनंदाने मूठ आवळली. तिला कोणी रडायला सांगितलं नव्हतं.

सोडलं तेव्हा सातला दहा मिनिटं कमी होती. बसमध्ये टूमर तिच्या शेजारी बसला नाही.

फोनची रांग, बसच्या फेऱ्या, आणि मैदानातून ती थेट व्हर्नेटाकडे गेली तेव्हा दहा वाजून गेले होते. खरं सांगून टाकायचं, असं वाटेत तिने तीनदा ठरवलं. व्हर्नेटा पायऱ्यांवर बसली होती, पायातले बूट काढून. केंद्राच्या दारावर लावलेले गावोगावचे आकडे ती बघून आली होती.

"चार," ती म्हणाली. "आपल्या अख्ख्या गावातून चार मतं, लुएला. बाकीचे गेले त्या नटाचं थोबाड बघायला."

"व्हर्नेटा, ऐक—"

पण व्हर्नेटाची नजर तिच्या छातीवर खिळली होती. शेवटच्या दृश्यासाठी सिनेमाच्या कपडेवालीने तिथे स्टिकर चिकटवलेला होता, मत देऊन आलेल्यांना केंद्रावर देतात तसा: 'मी मतदान केलं.'

व्हर्नेटा उठली आणि तिने लुएलाला घट्ट मिठी मारली.

"तू मात्र गेलीस," ती म्हणाली. "मला माहीत होतं गं, तू जाणार."

लुएलाचे हात थोडा वेळ नुसतेच लोंबत राहिले. मग तिने व्हर्नेटाच्या पाठीवर थोपटायला सुरुवात केली.