रंगखान्यातली पापपरीक्षा

सुताच्या लडी ओल्याच टाकून सगळा रंगखाना महाराजांभोवती गोळा झाला होता. मीही होते. रंग तोलायचं काम माझं. माझ्या जिभेला हाड नाही असं सगळे म्हणतात, पण त्या दिवशी मीही गप्प होते.

आम्ही जिला थोरली म्हणतो, तिच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग आले होते. बारा वर्षं ती हौदावर काम करतेय. "तिच्या हौदात आम्ही हात घालणार नाही," बायकांनी मालकांना ठणकावलं. मालकांनी महाराज बोलावले. हात शुद्ध निघाला तर काम राहणार, नाहीतर थोरली घरी.

महाराज एकेकीच्या तळव्याला अंगारा चोळत आणि हात नव्या वाडग्यातल्या पिवळ्या पाण्यात बुडवायला लावत. "पाणी सात जन्मांचं पाप ओळखतं, बाई!" माझं सकाळचंच खोटं काही त्या पाण्याला ओळखता आलं नाही. ते पिवळंच राहिलं.

थोरलीने हात बुडवला आणि पाणी लालभडक झालं.

"पाप!" महाराज गरजले. बायका मागे सरकल्या.

थोरलीने वाडगा नाकाशी नेला. "हळद आहे ही."

"दैवी जल आहे ते!"

"हळदच. अगं बायांनो, पहिल्या आठवड्यात हळदीचं सूत सोड्यात धुऊन लाल केलं नाही, शिव्या खाल्ल्या नाहीत, अशी एक तरी आहे का इथे?"

कुणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात थोरलीने महाराजांच्या झोळीत हात घालून दोन पिशव्या बाहेर काढल्या. "सगळ्यांना उजव्या पिशवीतला अंगारा, मला डावीतला. तुम्ही यांचं तोंड बघत होतात, मी हात बघत होते." उजवीत पीठ निघालं, डावीत धुण्याचा सोडा.

तिने चिमूटभर सोडा मालकांच्याच तळव्याला चोळला आणि हात पिवळ्या पाण्याच्या दुसऱ्या वाडग्यात बुडवला. पाणी लाल!

"तुमचं कुठल्या जन्मातलं, मालक?" मग तिने त्यात रंगकामाला ठेवलेलं व्हिनेगर ओतलं. पाणी पुन्हा पिवळं झालं. "हे घ्या, फिटलं पाप."

महाराजांना एकाएकी दुसरीकडचे भक्त आठवले.

"बरं बरं, लाग कामाला," मालक पुटपुटले.

"अशी नाही लागणार. लबाडी पकडली म्हणून ठेवू नका, काम येतं म्हणून ठेवा. हे डाग कदाचित जाणारही नाहीत. बघायची सवय करा."

मालकांनी सगळ्यांसमोर मान डोलावली. तिच्या हौदात पहिला हात मी घातला, कोपरापर्यंत.

"आज घातलास," थोरली म्हणाली. "काल कुठे होतीस?"

कोड म्हणजे कातडीचा रंग जाणं. ते शिवून लागत नाही, पापाने होत नाही. थोरलीच्या डॉक्टरांनी सांगितलेलं हे आम्ही कानाआड केलं आणि वाडगाभर हळदपाण्यावर विश्वास ठेवला. तोही आम्ही, ज्यांचं पोट रंगावर चालतं! मला त्याची लाज वाटते. कुणी माणसाच्या कातडीत पाप दाखवू लागलं, तर त्याच्या हाताकडे बघा आणि तिथल्या तिथे जाब विचारा. माझ्यासारखं उद्यावर ढकलू नका.